सोसायटीच्या पार्टीसाठी घेतलेलं ‘ट्रॉपिकल पॅकेज’: साडेसोळा हजारांत काय मिळालं, काय नाही

आधीच सांगते, नाव लिहिणार नाहीये. ज्यांच्याकडून घेतलं ती माणसं ठाण्यातलीच आहेत, वाईट नाहीत, सजावट लावायला आलेली दोन पोरं तर बिचारी उन्हात अक्षरशः राबली, त्यामुळे कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये. पण असली पॅकेजं आता ठाणे-डोंबिवली-नवी मुंबई सगळीकडे मिळतात, सगळ्यांचे फोटो सेम, सगळ्यांची पानं सेम, त्यामुळे तुम्ही कुणाकडूनही घेतलं तरी यातलं बरंचसं लागू पडेल असं वाटतं.

तर झालं असं की आमच्याकडे दर वर्षी १ मे ला सकाळी झेंडावंदन, मग बटाटेवडा-चहा आणि आपापल्या घरी. या वर्षी पोरांच्या आयांनी ठरवलं की संध्याकाळी पण काहीतरी करू, कारण त्यानंतर अर्धी बिल्डिंग गावाला जाते ती जूनमध्ये शाळेच्या तोंडावरच उगवते, आणि सुट्टीत पोरं एकमेकांना धड भेटत पण नाहीत. थीमसाठी ग्रुपवर पोल टाकला. बॉलिवूड पाच वेळा करून झालंय त्यामुळे ते पडलं, आणि कुणीतरी इन्स्टावरची एक रील टाकली होती, हिरवी पानं, गुलाबी फ्लेमिंगो, अननस, त्यामुळे ‘ट्रॉपिकल’ निवडून आलं. आमच्या बी विंगमध्ये एक रिटायर्ड भूगोलाच्या बाई आहेत, त्यांनी लगेच लिहिलं की कर्कवृत्त साडेतेवीस अंशावर, ठाणं एकोणीसवर, अख्खा महाराष्ट्रच उष्ण कटिबंधात आहे, मग थीमसाठी सहाशे रुपये कशाला, नुसतं खाली या. चाळीस हसऱ्या इमोजी आल्या आणि वर्गणी सहाशेच ठरली. बेचाळीस घरं, म्हणजे पंचवीस हजार दोनशे. जेवणाचा खर्च यात नव्हता, प्रत्येक घरानं एक पदार्थ करून आणायचा असं होतं.

पॅकेज पहिल्यांदा बावीस हजार सांगितलं होतं. दोन ठिकाणचे कोटेशन दाखवल्यावर साडेसोळा हजारांवर आलं, वर दोन हजार डिपॉझिट. यात काय काय होतं तर तीनशे फुग्यांची कमान, पानांची बॅकड्रॉप भिंत आठ बाय आठची, त्यावर ‘अलोहा’ (हवाई बेटांवरचं ‘नमस्कार’) असं निऑनचं अक्षर, फॉइलचे फ्लेमिंगो आणि अननस, गवताच्या छत्र्या लावलेली चार उंच टेबलं, एक मोठी कापडी बीचवरची छत्री, गळ्यात घालायच्या पन्नास माळा, साठ ग्लासांचं मॉकटेल काउंटर, लिंबो खेळायचं सामान, आणि चार तास दोन माणसं. पोरांसाठी फुगवायचा पूल पण होता पण तो आमच्या खजिनदार काकांनी फोनवरच कटवला, मे महिन्यात आपल्याकडे टँकर येतो आणि तुम्ही पूल भरताय, लाज वाटेल की नाही. पूल कमी केल्याचे पैसे मात्र कमी झाले नाहीत, हे लक्षात ठेवा, पॅकेजमधून काढलेल्या गोष्टीचे पैसे कुणी कमी करत नाही, त्याऐवजी दुसरं काहीतरी मागून घ्यायचं. आम्ही नाही मागितलं. चूक.

आता फुगे. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त पैसे त्यात जातात आणि फोटोत पण तेच दिसतात. पार्टी साडेपाचची आणि ही पोरं दुपारी दोनलाच हजर, कारण म्हणे पाच वाजता मुलुंडला दुसऱ्या कुणाचा तरी वाढदिवस आहे. दोन वाजता ठाण्यात १ मे ला, गार्डनमध्ये, पश्चिमेकडे तोंड करून फुग्यांची कमान. पहिला फुगा पावणेतीनला फुटला. मग दर पाच मिनिटांनी एक. वॉचमन दादा दर वेळी दचकून केबिनमधून बाहेर बघायचे. त्यातही गडद हिरवे आधी गेले, कारण गडद रंग जास्त तापतो, मग गुलाबी, सोनेरी शेवटपर्यंत टिकले. आणि जे फुटले नाहीत त्यांची पण चकाकी गेली, वर पावडर मारल्यासारखे मळकट दिसायला लागले, रबरी फुग्याचं उन्हात तसंच होतं, त्यात त्या पोरांचा काही दोष नाही. दोष हा की रोज हेच काम करणाऱ्या माणसाला हे माहीत असतं, त्यानं गिऱ्हाइकाला सांगायला पाहिजे की ताई, उघड्यावर असेल तर कमान सावलीच्या बाजूला घ्या आणि वेळ साडेचारनंतरची द्या. विचारलं तर म्हणे तुम्ही विचारलं नाहीत. बरं.

शेवटी काय केलं तर कमान अर्धी सोडवून स्टिल्टखाली पार्किंगच्या खांबाला नेऊन बांधली. दोन गाड्या हलवाव्या लागल्या, त्यातली एक कुणाची ते शोधण्यात पंधरा मिनिटं. पण तिथे ती अगदी साडेनऊपर्यंत टिकली, आणि खरं सांगू का, मागे मीटर रूमचं दार येत नसेल असा अँगल पकडला तर फोटो पण छान आले. कमान तीनशे फुग्यांची घेऊ नका. दीडशेची घ्या आणि सावलीत लावा.

पानांची भिंत. ही प्लॅस्टिकचीच असते, ते माहीत होतं. लांबून बरी दिसते. जवळून बघितलं तर धूळ, आणि एका कोपऱ्यात कुणाच्यातरी हळदीच्या कार्यक्रमातला झेंडूचा मणी अडकलेला. म्हणजे तीच भिंत हळदीला पिवळी झालर लावून जाते, डोहाळजेवणाला पाळणा लावून जाते आणि आमच्याकडे फ्लेमिंगो लावून आली. वापरावी की, भाड्याचीच वस्तू आहे, पण निदान फडक्यानं पुसून आणा.

आणि इथे आमच्या मालवणच्या आजींनी बाजी मारली. सोसायटीच्या मागच्या बाजूला सहा माड आहेत, पावसाळ्याआधी माडावर चढणारा माणूस बोलवून आपण झावळ्या आणि नारळ उतरवतोच, दर वर्षी मेच्या शेवटी. आजी आठवडाभर आधी सेक्रेटरींच्या मागे लागल्या की त्याला आताच बोलव. आला, तेच पैसे, फक्त वीस-पंचवीस दिवस आधी. हिरव्या झावळ्या उतरल्या त्याला आजी चुडतं म्हणतात, आणि ३० एप्रिलला संध्याकाळी त्यांनी लॉबीत फतकल मारून चार पोरींना शिकवत झावळीच्या पात्या एकीखाली एक घालून विणून घेतल्या. मधला दांडा उभा चिरायचा म्हणजे दोन सारखे भाग होतात आणि मग एका बाजूच्या पात्या एकाआड एक वर-खाली करत जायचं. बघायला सोपं आहे, करायला घेतलं तर माझं पहिलं तिरकं गेलं. एकूण नऊ झाले. ते गेटपासून गार्डनपर्यंत दोन्ही बाजूंना बांधले. पार्टीत येणारा प्रत्येक माणूस आधी तिथे थांबून हात लावून बघत होता. प्लॅस्टिकच्या भिंतीला कुणी हात लावला नाही. एक मात्र, ओल्या झावळ्यांत मुंग्या असतात, विणायच्या आधी नीट झटका. आमच्याकडे एका पोरीला चावल्या.

माळांचं पण तसंच. पॅकेजमधल्या पन्नास माळा कापडाच्या फुलांच्या, रंग भडक, आणि घाम लागला की रंग सुटतो. पांढरे शर्ट घालून आलेल्या दोन काकांच्या कॉलरवर गुलाबी डाग, त्यातला एक शर्ट म्हणे लेकीनं वाढदिवसाला दिलेला. तो डाग गेला की नाही मला माहीत नाही, विचारायची हिंमत नाही. आता गंमत अशी की हवाईमधल्या माळांचे जे फोटो आपण बघतो त्यात एक पांढरं-पिवळं पाच पाकळ्यांचं फूल हमखास असतं, ते म्हणजे आपला चाफा. देवळाबाहेर असतो तो, आमच्या क्लबहाउसच्या मागे दोन झाडं आहेत तो. आणि मूळचा तो ना हवाईचा ना आपला, मध्य अमेरिका आणि कॅरिबियनकडचा, तिथून जगभर गेला. सकाळी झेंडावंदनाला आलेल्या पोरांना पिशव्या दिल्या, खाली पडलेली ताजी फुलं वेचा म्हटलं, देठ तोडू नका कारण पांढरा चीक येतो आणि तो हाताला लागला की काही जणांना खाज सुटते. दहा वाजेपर्यंत तीन पिशव्या भरल्या. सुई-दोऱ्यात ओवून ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवल्या. वीस-बावीस माळा झाल्या, त्या आजी-आजोबांना घातल्या. रात्रीपर्यंत कडा तपकिरी झाल्या पण वास काय सुटला होता! त्या पन्नास कापडी माळांचे पैसे पुढच्या वेळी सरळ कापून घ्या.

आता वायरिंग. हा भाग हसण्यावारी नेऊ नका. निऑनच्या अक्षराला आणि लायटिंगच्या माळांना प्लग पाहिजे होता. त्यांनी आणलेल्या एक्स्टेंशनचा टॉपच गायब, आणि त्या पोरानं सरळ वायरची दोन उघडी टोकं सॉकेटमध्ये घालून वर आगपेटीच्या काड्या खोचल्या. गार्डनमध्ये. जिथे दुपारीच झाडांना पाणी घातलं होतं आणि पंचेचाळीस पोरं अनवाणी पळणार होती. आमच्या ए विंगमधले एक दादा महावितरणमध्ये आहेत, नशीब ते खाली आले, त्यांनी बघितलं आणि आवाजच चढवला. मग त्यांनी घरून चांगलं एक्स्टेंशन आणलं, वायर कुंपणावरून वरून घेतली, आणि मगच लाइट लागले. पॅकेज ठरवताना हे तोंडी नाही, मेसेजवर लिहून घ्या: तीन पिनचा टॉप असलेली धड एक्स्टेंशन बोर्डं आणणार का. आणि लावून झाल्यावर एकदा स्वतः फिरून बघा. यासाठी मी एक अख्खा स्टार कापलाय.

आणखी एक, फॉइलच्या अननसाखालचा स्टँड थर्माकोलचा निघाला आणि मॉकटेलबरोबर प्लॅस्टिकच्या स्ट्रॉचं पाकीट. १ जुलै २०२२ पासून देशभर या दोन्ही गोष्टींना बंदी आहे, सजावटीचं थर्माकोल, स्ट्रॉ, फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या, सगळं त्या यादीत आहे, आणि आपल्या राज्यात तर २०१८ पासूनच हे सुरू झालं होतं. मी म्हटलं तर उत्तर आलं, ताई जुना स्टॉक आहे. किती जुना रे बाबा! स्ट्रॉ परत दिले, पोरांनी ग्लासला तोंड लावून प्यायलं, कुणाचं काही अडलं नाही.

मॉकटेल. तीन प्रकार: ब्लू लगून, मोहितो, पिना कोलाडा. ब्लू लगून म्हणजे निळं सिरप आणि लिंबाचा सोडा, पोरांना प्रचंड आवडलं, सगळ्यांच्या जिभा निळ्या, त्या जिभा बाहेर काढून काढलेले फोटो हा पार्टीचा सगळ्यात गाजलेला अल्बम आहे. मोहितोत पुदिना होता आणि बर्फ होता, बस, काही तक्रार नाही.

पिना कोलाड्याचा मात्र पार बट्ट्याबोळ. त्या मुलानं तीन वाजताच मोठ्या स्टीलच्या पिंपात कच्चा ताजा अननस वाटून, त्यात दूध, व्हॅनिला आइस्क्रीम आणि नारळाच्या वासाचं सिरप घालून ठेवलं होतं. सहा वाजता पहिला ग्लास मी घेतला आणि तोंड असं झालं की काय सांगू, कडूजहर, आणि खाली चोथा बसलेला. त्याला वाटलं दूध नासकं निघालं. दूध बरोबर होतं. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं, म्हणून दुधात पडलं की काही वेळात कडवटपणा येतो, आणि म्हणूनच कच्चा अननस घातलेली जिलेटिनची जेली पण सेट होत नाही. अननस शिजवला की ते मरतं. आपल्या आया-आज्यांना हे नाव माहीत नव्हतं पण अननसाचा शिरा करताना फोडी आधी साखरेत शिजवून घ्यायच्या हे बरोब्बर माहीत होतं. डब्यातल्या अननसाचं पण असंच, तो शिजलेला असतो म्हणून क्रीमबरोबर चालतो.

पिंप ओतून दिलं. मग तळमजल्यावरच्या वहिनींच्या किचनमध्ये आम्ही तिघी घुसलो, उरलेले चार अननस चिरले, साखर घालून सात-आठ मिनिटं उकळले, पातेलं बर्फात ठेवून पूर्ण गार केलं, आणि सोलकढीसाठी काढून ठेवलेलं नारळाचं दूध त्यात घातलं. गार केल्याशिवाय घालू नका, फुटतं. चिमूटभर मीठ. एवढंच. पिना कोलाडा पोर्तो रिकोचं, त्यांनी १९७८ साली ते राष्ट्रीय पेय म्हणून जाहीर केलंय, त्यांच्यात रम असते, आमच्यात नव्हती (निदान त्या पातेल्यात नव्हती, पार्किंगच्या मागे काय चाललं होतं ते मला माहीत नाही). पण अननस आणि नारळ एकत्र एवढे छान लागतात हे आपल्याला सुचलं कसं नाही, दोन्ही तर आपल्याकडे ढिगानं. अननस हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांबरोबर आला, फळ दक्षिण अमेरिकेतलं, आणि काजूचं पण तेच. त्या दिवशीची सोलकढी मात्र गेली, आमसुलांचं आगळ तसंच उरलं, त्याचं पाण्यातलं सरबत केलं आणि ते पण संपलं.

खरी गर्दी मॉकटेल काउंटरवर नव्हतीच. कोपऱ्यावर जो शहाळेवाला हातगाडी लावतो त्याला आम्ही सांगून ठेवलं होतं, साठ शहाळी, पंचेचाळीसच्या भावानं, गाडीसकट आत ये. म्हणजे सत्तावीसशे रुपये. तो आला, कोयता घेऊन उभा राहिला, आणि पोरं भोवती रिंगण करून. मलई पाहिजे की पाणीवालं, हे तो नुसतं शहाळं हलवून आणि टिचकी मारून सांगतो आणि दहात नऊ वेळा बरोबर. माझ्या लेकाचं म्हणणं की पार्टीतला बेस्ट स्टॉल तोच. काउंटरचे साठ ग्लास पॅकेजमध्ये होते, त्यावर प्रत्येक ग्लासाला सत्तर रुपये एक्स्ट्रा लावणार होते, आम्हाला एक पण एक्स्ट्रा लागला नाही.

पन्हं पण होतं, ते आमच्याच मजल्यावरून. एक किलो कैरीचं वीस-बावीस ग्लास होतं, पाच किलोचं केलं, गूळ घालून, वेलची आणि थोडं केशर. त्याबद्दल लिहायला काही नाही, पन्हं ते पन्हं.

खेळांत एक मजा झाली. ग्रुपवर लिहिलं होतं ‘लिंबो, संध्याकाळी सात वाजता’, तर सी विंगचे एक काका दोन डझन लिंबं आणि घरातले सगळे चमचे घेऊन आले. त्यांना वाटलं टायपिंगची चूक आहे, लिंबू-चमचा असणार. मग दोन्ही झालं. लिंबो म्हणजे आडव्या काठीखालून मागे वाकत जायचं, हा खेळ त्रिनिदादचा, काठी दर वेळी खाली आणत जायची. पोरं सहज जातात, आयांनी गाण्यावर धमाल केली, आणि एका बाबांची पाठ तिथेच धरली, त्यांना खुर्चीवर बसवून बाम लावला. पॅकेजवाल्यांनी आणलेली काठी आणि स्टँड चांगला होता, उंचीच्या खुणा केलेल्या, पडली तरी लागणार नाही अशी हलकी. त्यांच्यातल्या एका मुलानं स्वतः उभं राहून अर्धा तास तो खेळ घेतला, पोरांची नावं पाठ करून, हरलेल्यांना चिडवत. हे पॅकेजमध्ये लिहिलेलं नव्हतं. त्याला आम्ही वेगळे पाचशे दिले.

फ्लेमिंगो राहिलेच. फॉइलचे सहा होते, गुलाबी, एका पायावर उभे, पोरांना हवे होते म्हणून कार्यक्रम संपताना पळवापळवी. दुसरीतली एक चिमुरडी त्याला बघून म्हणाली, आई हे ऐरोलीच्या पुलावरून दिसतात ते. आणि खरंय की! थीम हवाईची म्हणून आम्ही फ्लेमिंगो लावले, हवाईच्या रानात फ्लेमिंगो नाहीतच, आणि इकडे ठाण्याच्या खाडीत दर हिवाळ्यात हजारोंनी येतात, मे महिन्यापर्यंत असतात, २०१५ मध्ये त्या खाडीचा भाग अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, पण गेला. मराठीत त्यांना अग्निपंख म्हणतात, किती सुंदर शब्द आहे. भूगोलाच्या बाईंनी तिथल्या तिथे पोरांना गोळा करून सांगितलं की ते गुलाबी का असतात, खाडीतलं शेवाळ आणि बारीक जीव खाऊन तो रंग पंखात उतरतो. दहा मिनिटं सगळी पोरं गप्प. पॅकेजवाला मुलगा पण ऐकत उभा होता, म्हणाला मी इतकी वर्षं हे फुगे लावतोय, मला वाटलं परदेशातला पक्षी आहे.

कपड्यांबद्दल एक ओळ: ड्रेस कोड ‘फ्लोरल’ ठेवला होता, पुरुषांनी गोव्याला घेऊन एकदाच घातलेले शर्ट बाहेर काढले, आणि आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या माझे सगळे गाऊन ट्रॉपिकलच आहेत, तोच घालून येते. आल्या पण!

वेळेचं सांगायचं तर पाहुणे सव्वासहाला जमले, सूर्य साडेसहानंतर तिरका झाला तेव्हा जरा सुसह्य झालं, आणि सातला मावळल्यावर लाइट लागले तेव्हा खरी पार्टी दिसली. घामाच्या धारा मात्र शेवटपर्यंत. दोन मोठे पंखे भाड्यानं आणायला हवे होते, साताठशे रुपयांत मिळतात, ते फ्लेमिंगोपेक्षा जास्त उपयोगाचे. डासांसाठी कॉइल्स लावल्या कोपऱ्यात. स्पीकर दहाच्या आत बंद.

आवराआवर मात्र मानली पाहिजे त्यांची. साडेनऊला सुरू केलं, सव्वादहाला गार्डन रिकामं, फुटलेल्या फुग्यांचे तुकडे गवतातून हातानं वेचले, कारण भटकी मांजरं ते खातात म्हणे, हे त्या मुलानं स्वतःहून सांगितलं. टेबलं उचलली, भिंत सोडवली, टेम्पो भरला. हे आम्ही करायला बसलो असतो तर रात्रीचे बारा वाजले असते आणि दोन भांडणं झाली असती. डिपॉझिटचे दोन हजार दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले, मागावे लागले नाहीत.

म्हणून माझे पाचापैकी तीन. पुढच्या वर्षी परत त्यांच्याकडेच जाऊ पण पूर्ण पॅकेज नाही, फक्त टेबलं, लाइट, छत्र्या, लिंबो आणि ती दोन माणसं, एवढ्याचा भाव मी विचारून ठेवलाय, सात-साडेसात हजार म्हणतायत, सहापर्यंत येतील. फुगे दीडशे, वेगळे. मॉकटेल काउंटर अजिबात नाही. झावळ्या, चाफा आणि शहाळेवाला आपले आपणच. आणि तुम्ही घेत असाल तर वायरिंगचं आधी विचारा, परत सांगते.

हां, ती मोठी कापडी बीचवरची छत्री ते विसरून गेले. दोन वेळा फोन केला, दोन्ही वेळा ‘उद्या पोरगा पाठवतो’. आज वीस दिवस झाले, छत्री गेटपाशी आहे आणि तिच्याखाली खुर्ची टाकून वॉचमन दादा बसतात. काल विचारत होते, ताई, पाऊस आला तर ही चालेल का हो?